नऊ जीबीचा दरबार

डिचोलीच्या बाजारात जानकीचं दुकान कुणालाही विचारा, बोट करून दाखवतील. पण जानकी दुकानात बसलेली दिसली तर मात्र नवल माना. आठ बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने आणि मधोमध एक फिरती खुर्ची. बारा वर्षं झाली तरी त्या खुर्चीची गादी अजून नव्यासारखी आहे. बाई उभ्याउभ्या माऊस हलवते, उभ्याउभ्या फोन घेते आणि कॉम्प्युटर जरा विचारात पडला की दारापर्यंत जाऊन येते. शेजारचा सोनार म्हणतो, "जानकीबाय, पायांना भिंगरी कोणी लावली तुमच्या?" ती म्हणते, "मी बसले तर काम बसेल." आणि पुन्हा दारापर्यंत जाऊन येते.

काम काय, तर छापखान्याकडे जाणाऱ्या फायली तयार करायच्या. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, बारशाचे बॅनर, पंचायतीच्या उमेदवारांचे हात जोडलेले फोटो, वर्षश्राद्धाच्या जाहिराती, सगळं इथं जुळवायचं आणि म्हापशाच्या नाहीतर कोल्हापूरच्या प्रेसला पाठवायचं. लोकांना वाटतं, फोटो टाकला, नाव टाकलं, झालं. अहो, झालं कुठं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नखाएवढा फोटो घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, दहा फुटी कर. तो ताणला की नवरदेवाच्या नाकाचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. उलट कुणी असा अगडबंब फोटो आणतो की प्रेसच्या वेबसाइटचं दार त्याला पुरत नाही. मग त्याला दाबायचं, आटवायचं, लहान करायचं, पण अशा बेतानं की छापल्यावर कुणाला कळता कामा नये. हे आटवणं आपल्या हातचा मळ आहे, असा जानकीचा समज होता. फाल्गुनातल्या एका गुरुवारी तो समज पार उतरला.

जानकी मूळची पार्शाची. लग्न होऊन लाटंबार्शाला आली, दुकान डिचोलीत घातलं, पण जीव अर्धा पार्शातच. तिचे वडील भिकाजी नाटकांचे पडदे रंगवायचे. देवळाच्या उत्सवात गावच्यांनी नाटक करायचं म्हणजे करायचंच, मग राजा पोस्टातला असो की राणी बालवाडीतली. आणि त्या राजाराणीच्या मागं जो राजवाडा असायचा तो भिकाजींचा. मांजरपाट शिवून जोडायचा, सरसात भुकटीचे रंग कालवायचे आणि अंगणात कापड पसरून त्यावर अनवाणी चालत रंगवायचं. पार्शाच्या देवळासाठी त्यांनी केलेला दरबाराचा पडदा तीस फूट लांब आणि सोळा फूट उंच. खांब, झुंबर, मागं बाग, आणि अगदी डाव्या कडेला एक सज्जा नि त्याला उंच खिडकी. भिकाजी तिला खिडकी म्हणत नाहीत. घरातली असो की राजवाड्यातली, त्यांच्या तोंडी ती जनेलच.

ज्या वर्षी हा पडदा झाला त्याच वर्षी जानकी झाली. म्हणजे दोघं अडतीस वर्षांची.

त्या देवळात नव्या पडद्याची एक रीत होती. पडदा पहिल्यांदा सोडायचा तेव्हा रंगवणाऱ्यानं रंगमंचावर थांबायचं नाही. त्यानं जायचं सरळ शेवटच्या रांगेत. डाव्या अंगाला दोरी दुसऱ्या कुणी धरायची, हळूहळू सोडायची, आणि शेवटच्या रांगेतून रंगवणारा "बरा!" म्हणून ओरडला की मगच नारळ फुटायचा. भिकाजींच्या झाडून सगळ्या पडद्यांची दोरी त्यांच्या बायकोनं, विमलानं धरली. फक्त दरबाराच्या वेळी ती बाई आली नाही, कारण जानकीच्या वेळचा नववा महिना चालू होता. विमला जाऊन आता सहा वर्षं झाली.

पडद्याचं म्हणाल तर त्याला बुरशी लागली. पाऊस गोव्यात कशालाच सोडत नाही, राजवाड्याला काय सोडणार? देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष गोकुळदास, माणूस वाईट नव्हे, पण घाईचा. त्यांनी मोबाइलवर कुठला तरी झगमगीत राजवाडा शोधून काढला आणि म्हणाले, हा फ्लेक्सवर छापून टाकू, म्हापशात दोन तासांत होतो. जानकीच्या कानावर हे गेलं मात्र, ती स्कूटर घेऊन पार्शाला पोचली. म्हणाली, "जुन्या पडद्याचे फोटो काढते, बुरशी साफ करते, तेवढाच, तसाच कापडावर छापून आणते. मला तीन आठवडे द्या." गोकुळदास म्हणाले, "दिले. पण उत्सवाच्या आधीच्या गुरुवारी पाचपर्यंत तुझं काम प्रेसला गेलं नाही, तर मी फ्लेक्सवाल्याला फोन करणार. मग रडायचं नाही."

ही सगळी धडपड जुन्या पडद्याच्या मायेपोटी होती असं समजू नका. भिकाजींचे डोळे जात होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागचा पडदा खराब झालाय. तर म्हातारा विचारतो, "कोणी रंगवलेलो?" डॉक्टर हसले, जानकीला हसू आलं नाही. समोर बघितलं की मधलं सगळं पुसून जायचं, फक्त कडेचं दिसायचं. त्यामुळे भिकाजी माणसाशी बोलताना मान वळवून भिंतीकडे बघायचे, म्हणजे माणूस दिसायचा. आणि पावसाळ्यानंतर ते कडेचंही राहील की नाही, सांगता येत नव्हतं. म्हणजे यंदाच्या उत्सवात तो पडदा लागला तर लागला. पुढच्या वर्षी लावून कोणाला दाखवणार होती ती?

तर जानकीनं पडदा सभामंडपात पसरला, शिडीवर चढून त्याचे अठ्ठेचाळीस तुकड्यांत फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर ते जोडले. मग साफसफाई सुरू केली. मूळ फोटो कधी पुसायचा नाही, हा धंद्यातला नियम. तो खाली तसाच ठेवायचा, त्यावर दुसरा थर घालायचा आणि बुरशीचा डाग दिसेल तिथं त्या वरच्या थरावर स्वच्छ रंग भरत जायचं. इंचाला दीडशे ठिपके ठेवून, चित्र दुप्पट मोठं करून, बाई पडद्यावरून मुंगीसारखी फिरली. एक डाग सोडला नाही. लग्नसराईच्या पत्रिका मागं पडल्या, नवरा अनंत सकाळचा डबा स्वतः भरायला लागला, तरी हिचं आपलं चालूच. फाईल फुगत फुगत नऊ जीबीची झाली. एवढ्यात चार सिनेमे मावतात.

भिकाजींचा फोन रोज यायचा. पडद्याबद्दल ते एकच विचारायचे.

"जनेल बरी धरलंस मगो?"

"होय बाबा, धरली."

"नीट बघ हां. जनेलीकडे घाई करू नको."

जानकीला वाटायचं, म्हाताऱ्याला रेषांची काळजी. सज्जाच्या जाळीची नक्षी अवघड होती खरी, आणि तिथंच बुरशी सगळ्यात जास्त होती, काळपट हिरव्या डागांचा नुसता गठ्ठा. तिनं बुधवारचा अख्खा दिवस त्या खिडकीवर घालवला आणि ती लख्ख करून टाकली. फोनवर अभिमानानं सांगितलंही, "बाबा, तुमची जनेल आता चकाकतेय." पलीकडून काही उत्तर आलं नाही. तिला वाटलं, रेंज गेली.

गुरुवार उजाडला. सकाळभर शेवटचा उजवा खांब साफ करून दोन वाजता जानकी म्हणाली, झालं. आणि तिनं कोल्हापूरच्या प्रेसची वेबसाइट उघडली. म्हापशाला एवढ्या रुंदीचं कापड छापणारं मशीन नव्हतं, कोल्हापूरला होतं. फाईल गेली की संध्याकाळी मशीनवर चढणार आणि छापलेलं कापड सकाळच्या गोव्याच्या बसनं पत्रादेवीच्या नाक्यावर उतरणार, असा हिशोब होता. तिनं फाईल चढवायला घेतली आणि वेबसाइटनं सांगितलं, शंभर एमबीच्या वर घेत नाही.

नऊ जीबी म्हणजे नऊ हजार एमबी. आता बोला!

हे तिला आधी ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. शंभरदा तिनं त्याच दारातून फायली धाडल्या होत्या. पण शेवटी दाबू एकदा, त्याला काय लागतंय, म्हणून तिनं ते मागंच ठेवलं होतं. तिनं दोन्ही थर एक केलेली एक नक्कल काढली आणि दाबायला घेतली. कॉम्प्युटर वीस मिनिटं घरघरत बसला. जानकी दारापर्यंत गेली, आली, गेली, आली. बघते तर फाईल अजून चारशे एमबी, आणि राजवाड्यामागचं आभाळ चौकोनी चौकोनी झालेलं, जणू आभाळाला कोणी फरशी बसवलीय. आणखी दाबली तर झुंबराच्या भोवती घाण साचल्यासारखं दिसायला लागलं.

गोकुळदासांचा फोन. "गेली काय गो फाईल?"

"जातेय."

"तीन वाजले."

"घड्याळ आहे माझ्याकडे, गोकुळदासबाब."

तिनं प्रेसमधल्या स्वप्नीलला फोन लावला. फायली तपासून मशीनकडे सोडणारा तो पोरगेलेसा माणूस, आवाजानंच ओळखीचा. तो म्हणाला, "ताई, काय राव तुम्ही! तीस फुटी पडद्याला दीडशे डीपीआय? पासपोर्टचा फोटो काढायलाय का? चाळीस करा, बक्कळ झालं. लेयर सगळे एक करा, आकार उतरवा, ऐंशी एमबीत बसतंय बघा."

"चाळीस? अरे, इंचाला चाळीसच ठिपके ठेवले तर पानं दिसणार नाहीत. बाबांचे ब्रशचे फटकारे जातील सगळे. एकेक पान मी साफ केलंय."

"मग पानं बघत बसा तुम्ही. पाच वाजता मशीन दुसऱ्याच्या कामाला लागतंय, मला काय बी करता येणार न्हाई." आणि फोन ठेवला मेल्यानं.

जानकीला रडू यायला लागलं, रागाचं. तीन आठवडे डोळे फोडून साफ केलेले ठिपके हा पोरगा म्हणतो पुसून टाका! दीडशेचे चाळीस म्हणजे लांबीत चौथा हिस्सा, रुंदीत चौथा हिस्सा. बापाच्या पडद्यातला पंधरा आणे भाग आपल्याच हातानं टाकून द्यायचा. प्रेसवाल्याला काय, त्याच्यासाठी साबणाची जाहिरात आणि हा दरबार सारखाच. ती दारात उभी राहिली, आत आली, पाणी प्यायली, ग्लास खुर्चीवर ठेवला आणि शेवटी बापाला फोन केला.

"बाबा, लहान करायला सांगतायत. केलं तर पानं जातील."

"खंयची पानां?"

"बागेतली. झाडांची. तुम्ही रंगवलेली."

भिकाजी हसले. हसता हसता खोकले. "अगो, पानां मी रंगवलंयच नाय. माडाच्या हिरांची केरसुणी घेतलंय, रंगात बुडवलंय नि मारलंय फटके. तीस फुटांचो पडदो, येकेक पान रंगवीत बसलो असतंय तर उत्सव खंय नि मी खंय! शेवटच्या रांगेतल्याक पानां दिसतत काय? तेका झाड दिसता."

जानकीनं स्क्रीनवरच्या बागेकडे बघितलं.

"पडदो शेवटच्या रांगेसाठी रंगवूचो. जवळून बघणाऱ्याक डागच दिसतले. दिसांदेत."

बापानं फोन ठेवला तरी ही तशीच फोन कानाला लावून उभी. अडतीस वर्षं ज्याला आपण ब्रशचे फटकारे म्हणत आलो ते केरसुणीचे फटके निघाले. म्हणजे हा म्हाताराच जन्मभर आटवत आला होता. जे लांबून दिसत नाही ते त्यानं मुळात घातलंच नव्हतं, आणि आपण तीन आठवडे भिंग लावून ते सांभाळत बसलो. तिला स्वतःचाच राग आला आणि जरा हसूही आलं. पावणेचार झाले होते.

तिनं चाळीसला उतरवायचं ठरवलं. आधी मूळ फोटो आणि साफ केलेलं चित्र, दोन्ही लहान करून शेजारीशेजारी ठेवली, रंग कुठं उतरला नाही ना ते बघायला. ही तिची नेहमीची सवय. कॉम्प्युटर घरघरायला लागला, ही दाराकडे गेली. दारात पोचून वळली आणि तिथूनच तिची नजर स्क्रीनवर पडली.

उजवीकडच्या साफ चित्रात खिडकी होती. लख्ख, जाळीदार, रिकामी.

डावीकडच्या मूळ फोटोत, बुरशीच्या धुरकट पट्ट्यामागं, खिडकीत एक बाई उभी होती.

जानकी धावत स्क्रीनपाशी आली. जवळ आल्यावर बाई नाही, तेच काळपट हिरवे डाग. मागं सरकली, दारापर्यंत गेली, वळली. बाई होती. मान किंचित कललेली, एक हात वर गेलेला, काहीतरी धरल्यासारखा. चार-पाच ठिकाणी ब्रश टेकवून काढलेली, नाक नाही, डोळे नाहीत, पण बाई. लहानपणी जानकी नाटकं पाहायची ती पहिल्या रांगेत सतरंजीवर नाहीतर विंगेत आईच्या पदराला धरून. शेवटच्या रांगेतून तो पडदा तिनं जन्मात पाहिला नव्हता. आणि ज्याला ती बुरशी म्हणून बुधवारभर घासत बसली होती, त्यात अर्धी ती बाई होती.

तिनं पुन्हा फोन लावला.

"बाबा, जनेलीत कोण आहे?"

भिकाजी म्हणाले, "पुसलंस?"

"पुसली. मला वाटलं, बुरशी. बाबा, कोण आहे ती?"

"तुझी आवस."

आई! जानकीनं प्रिंटरला हात टेकला.

"त्या वर्सा ती दोरी धरूक येवक नाय," भिकाजी म्हणाले. "तू पोटात होतंस. दोरीकडे दुसरो कोण उभो ऱ्हवतलो, ता माका बघवेना. म्हणान तिका पडद्यातच उभी केलंय, दोरीच्या बाजूक. कोणाक सांगूक नाय. तिका पण नाय. राजाच्या वाड्यात बायलेक उभी केली म्हणान गाव हसलो असतो, नि ती तर माका घरात घेतली नसती."

"मग मला तरी सांगायचं होतं! रोज जनेल जनेल करत होतात, तोंडानं सांगायला काय झालं होतं?" जानकी ओरडलीच बापावर. सोनार दुकानातून डोकावला.

"लाज दिसली गो," म्हातारा म्हणाला.

ती म्हणाली, "ठेवा फोन. आईला बाहेर काढते."

चार वाजून दहा मिनिटं. नशीब एवढंच की मूळ थर खाली शाबूत होता. ज्या थरांमुळे फाईल नऊ जीबीची झाली होती, तेच आता कामाला आले. खिडकीवरचा साफ केलेला थर खरवडला की खालचं मूळ वर येणार. पण वर येताना आई एकटी थोडीच येणार? बुरशी घेऊनच येणार. आता कुठला डाग आईचा नि कुठला बुरशीचा, हे ठरवायचं कसं? जवळून दोन्ही सारखेच. स्क्रीनसमोर उभं राहून कितीही डोळे ताणले तरी कळेना.

मग तिच्या ध्यानात आलं. ती दारापर्यंत गेली. दहा फूट. वळून बघितलं, तर खांद्याचा डाग आईचा, त्याखालचा बुरशीचा. धावत आली, खांदा ठेवला, खालचा पुसला. पुन्हा दारात. पदराची कड आईची. धावत आत. पुन्हा दारात. वर गेलेल्या हाताचं मनगट सुटून राहिलं होतं. पुन्हा आत. ज्या येरझारांना सगळा बाजार हसायचा, त्याच येरझारा बाई घालत होती, पण या वेळी प्रत्येक फेरीत आईचा एकेक तुकडा घेऊन येत होती. सोनार गिऱ्हाईक सोडून ओट्यावर येऊन उभा राहिला. "जानकीबाय, बरं आहे ना सगळं?" ती म्हणाली, "सरका, दार अडवू नका!"

गोकुळदासांचा फोन वाजत राहिला. तिनं तो उचललाच नाही.

पाचला बारा मिनिटं कमी असताना ती शेवटची दारात गेली. बाई उभी होती खिडकीत, मान कलती, हात वर. कपाळाशी एक डाग राहिला होता. तो आईचा की बुरशीचा, ते मात्र दारातूनही कळेना. ठेवू दे, म्हणाली. थर एक केले, चाळीसला उतरवलं, दाबलं. चौऱ्याऐंशी एमबी. चढवायला लागली तर दुकानातलं नेट मध्येच गपगार. मोबाइलच्या नेटवर जोडलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पट्टी सरकते आहे की नाही ते बघत जानकी दारापर्यंतसुद्धा गेली नाही. पाचला दोन मिनिटं कमी असताना स्वप्नीलचा मेसेज आला, "फाईल आली, ताई."

शुक्रवारी दुपारी कापड पत्रादेवीला उतरलं आणि चार वाजेपर्यंत पार्शाच्या रंगमंचावर बांबूला बांधून गुंडाळून चढलंही. उत्सव दुसऱ्या दिवशी. जानकीच्या जिवाची घालमेल चाललेली. बांधताना तिनं डाव्या कडेचं कापड हातभर उलगडून बघितलं होतं. चार डाग, बाकी काही नाही. गोकुळदासांनीही नाक लावून बघितलं. "गो, हे काय? नुसते डागच डाग! तो फ्लेक्स कसा काचेसारखा आला असता. अजून वेळ गेलेली नाही, मी माणसाला सांगून ठेवलंय, दोन तासांत येतो."

"आधी शेवटच्या रांगेत जा," जानकी म्हणाली. "तिथून बोला."

भिकाजींना शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. गोकुळदास कुरकुरत त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. राहता राहिली दोरी. कोण धरणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जानकी डाव्या अंगाला गेली, वाकून दोरी सोडवली आणि हात वर करून हळूहळू ढील देऊ लागली. बांबू गडगडत खाली आला. कापड उलगडलं. ती एवढी जवळ होती की तिला राजवाडा दिसतच नव्हता, फक्त रंगाचे ठिपके. मांडवातून आवाज नाही. गोकुळदासांचाही नाही. फसलं, तिला वाटलं. कपाळावरचा तो डाग. तो पुसायला हवा होता. दोरी खांबाला अडकवून पळत मागं जावं, स्वतः बघावं, म्हणून तिनं पाऊल उचललं.

"हलू नको गो!" शेवटच्या रांगेतून भिकाजी ओरडले. "तशीच ऱ्हव!"

जानकी थबकली. दोरी धरलेला हात वर, मान वळलेली, पाऊल तसंच. जन्मात पहिल्यांदा ती एका जागी उभी राहिली, आणि किती वेळ ते तिलाही सांगता येणार नाही. हाताला कळ लागली. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता.

मग आवाज आला, "बरा!" आणि नारळ फुटला.

ती धावत मांडवाच्या टोकाला गेली. गोकुळदास डोळे मिचमिचवत पडद्याकडे बघत होते, त्यांनी फ्लेक्सचा विषय काढला नाही. भिकाजी मान उजवीकडे वळवून, मांडवाच्या खांबाकडे तोंड करून बसले होते. त्यांना असंच दिसायचं.

"बाबा, दिसते?"

"दिसता."

"मग हलू नको का म्हणालात? माझा जीव गेला तिथं."

भिकाजींनी मान काही वळवली नाही. गालावरून पाणी वाहत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. "अडतीस वर्सां ती थंय येकटीच उभी, हात वर करून," ते म्हणाले. "आज दोघी दिसलात. बाजूबाजूक, तसोच हात, तशीच मान. तू हलली असतंस तर माका परत येकच दिसली असती."

शेजारची खुर्ची रिकामी होती. जानकी तिच्यावर बसली. रंगमंचावरून दोरी कुठं बांधायची म्हणून लोक तिला हाका मारत होते, पण ती उठली नाही.